दोन लहरींचा सेट आणि ‘हॅमसॅट’

हौशी बिनतारीचा परवाना हाती आला की पहिला प्रश्न उभा राहतो तो सेटचा. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर अशा दोन्ही लहरींवर चालणारा सेट घ्यावयाचे ठरते. पण तो गाडीत बसविण्याजोगा असावा की घरी मेजावर ठेवण्याजोगा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशाच्या एका लहानशा उपग्रहाच्या इतिहासात सापडते.

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ अवकाशात गेला. ऐकलेले परत पाठविणारी दोन यंत्रे त्यात होती. एक भारतात सिद्ध झाले होते, दुसरे एका डच विद्यार्थ्याने घडविले होते. पृथ्वीवरून आलेला आवाज हा उपग्रह सत्तर सेंटिमीटरवर ऐके आणि त्याच क्षणी दोन मीटरवर खाली पाठवी. दोन्ही कामे एकाच लहरीवर चालती, तर त्याच्याच आवाजाने त्याचे कान बधिर झाले असते.

गाडीतले बहुतेक सेट केवळ एफ.एम. पद्धतीचे असतात. टेकडीवरील रिपीटरमार्फत बोलण्यास किंवा पुराच्या प्रसंगी निरोप पोचविण्यास ते उत्तम. हॅमसॅटचे काम मात्र सिंगल साइडबँड आणि मोर्स या पद्धतींनी चाले. तेथे या पद्धती जाणणारा, एका लहरीवर बोलत असताना दुसरीवर ऐकू शकणारा घरचा सेटच उपयोगी पडे.

जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी होऊन हॅमसॅट मुका झाला. त्याचा धडा मात्र टिकून आहे. सेट किती लहरींचा, हे पाहण्याआधी आपल्याला कोणाशी बोलावयाचे आहे, हे ठरवावे.