बोरिवलीच्या नावाची भाजी

ऋतू आणि आहार असा विषय जाहीर झाला की श्रोत्यांना वाटतं, आता चरकसंहिता निघणार. निघेल, पण दोन वाक्यांपुरती. मला आज बोलायचंय ते एका पालेभाजीबद्दल.

जूनचा पहिला चांगला पाऊस झाला, की आठ-दहा दिवसांत बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला काही बायका प्लास्टिकचा कागद अंथरून बसलेल्या दिसतात. जंगलाकडच्या पाड्यांवरून आलेल्या. त्यांच्यापुढे शेवळं असतात, सोबत काकडं असतात, टाकळा असतो, आणि गवतासारख्या लांब पात्यांच्या जुड्या असतात. घाईतल्या माणसाला ती कांद्याची पात वाटते. ती फोडशी. कोणी कुलूची भाजी म्हणतं, कोणी कोळीभाजी. पात्यांच्या तळाचा पांढरा, निबर भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, कांदा, हिरवी मिरची आणि भिजवलेली मुगाची डाळ घालायची. चव सौम्य आहे. मसाला घातलात की भाजी संपलीच, मग कोबी खाल्ला काय आणि ही खाल्ली काय.

आता गंमत बघा. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. म्हणजे चक्क आपली बोरिवली! सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्पॅनिश जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि गावाचं नाव तिला दिलं. फादर पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. (या कुळातल्या आणखी एक-दोन जातीही बाजारात फोडशी म्हणूनच विकल्या जातात, हे वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी मला दरडावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.) आपल्या उपनगराचं नाव जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत एका रानभाजीमुळे गेलंय, आणि इथल्या टॉवरांत राहणाऱ्या शंभर माणसांना विचारलंत तर किती जणांना हे माहीत असेल? मी इथे राहायला आलो तेव्हा मलाही नव्हतं.

जरा मागे जाऊ. याच डोंगरात कान्हेरी आहे. यज्ञ सातकर्णीच्या काळातला तिथला एक लेख आहे. कल्याणच्या एका व्यापाऱ्यानं लेणं खोदवलं, भिक्षुसंघाला रक्कम ठेव म्हणून दिली आणि एक शेतही दिलं. ते शेत कुठलं? मंगलठाण गावातलं. मंगलठाण म्हणजे आपलं मागाठाणे, जिथे आज बसचा डेपो आहे. पण मला त्याहून आवडते ती या काळातल्या लेखांची कालगणना. आपण आज तारीख घालतो, महिना घालतो. सातवाहनांचे लेख ऋतू घालतात. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राचा लेख आहे, त्यात वर्ष अठरावं, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस पहिला, असा काळ दिलाय. ऋतू तीनच, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि प्रत्येकाचे आठ पंधरवडे. चरकानं पुढे सहा ऋतूंचा आहार सांगितला, सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात. झालं, चरक संपला.

माझ्या विषयाची सवय सुटत नाही म्हणून एक सांगतो. वैशेषिक म्हणतात, काळ हे द्रव्य आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. आधी आणि नंतर, लवकर आणि उशिरा, या जाणिवांवरून त्याचं अनुमान करायचं. चाळीस वर्षं मी हे फळ्यावर खडूनं लिहिलं. काळाचं अनुमान भाजीवरूनही होतं, हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. एकदा गणपतीच्या दिवसांत मी त्या बायकांपैकी एकीला विचारलं, ‘मावशी, फोडशी नाही आणली?’ ती हसली. म्हणाली, ‘बाबा, ती आता जून झाली. कंटोळी घ्या.’ जून महिन्यात कोवळी आणि जून सरला की जून! पांढरी फुलं आली की पातं राठ होतं. त्या भाजीचा पंधरवडा संपलेला असतो.

आपल्या सणांतही हे हिशोब आहेत. कांदेनवमी, ऋषिपंचमीची भाजी, चंपाषष्ठीचं भरीत, भोगीला हरभरा-पावटा-बोरं. हे सगळं तुमच्या घरी असतं, त्यावर वेळ घालवत नाही. पण हे शेतीचं आणि व्रतांचं पंचांग झालं. जंगलाचं पंचांग वेगळं आहे. वारली समाजात पावसाळ्याच्या सुरुवातीची ही कोवळी भाजी आधी देवाला दाखवायची आणि मगच खायची, अशी रीत आहे. म्हणजे उगवल्याबरोबर ओरबाडायची नाही.

इतिहासात नोंद कुणाची होते, हेही पाहण्यासारखं आहे. मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई मुंबईत राहून गेली. १८१२ साली छापलेल्या पुस्तकात ती लिहिते, की माझगावच्या आंब्याच्या मूळ झाडावर हंगामात शिपायांचा पहारा असे. शाहजहानासाठी मराठी किनाऱ्यावरून दिल्लीपर्यंत आंबे पोचवायला जासूद नेमलेले असत, असंही ती सांगते. आंब्याला पहारा मिळाला, जासूद मिळाले, ग्रंथात जागा मिळाली. फोडशीवर कोण पहारा ठेवणार? ती वाशीच्या घाऊक बाजारातून येत नाही, शीतगृहात ठेवली जात नाही. टोमॅटो बारा महिने मिळतो, फ्लॉवर मिळतो, मटार तर पिशवीत गोठवलेला मिळतो. ऋतूचा नियम मोडता येत नाही अशा मोजक्या भाज्यांत ही आहे, असं मी समजत होतो.

चूक होती माझी. साठी उलटल्यावर एका नातेवाइकानं मला शक्तिवर्धक चूर्णाची बाटली आणून दिली. सफेद मुसळी. दुधातून घ्या म्हणाला. घेतली काही दिवस, मग कपाटात राहिली. तीन वर्षांनी कशासाठी तरी वाचत असताना कळलं, की सफेद मुसळी म्हणजे हीच, आपली बोरिव्हिलियानम! जूनमध्ये मी तिची पानं खात होतो आणि कपाटात तिची मुळं होती.

फरक समजून घ्या. पानं खुडली तर कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. मुळं खणली तर ते झाड संपलं, आणि बी पडायच्या आत खणली तर त्याची पुढची पिढीही संपली. पान वाळवून विकता येत नाही, मूळ येतं. ते बारा महिने टिकतं, बाटलीत भरता येतं, दूर पाठवता येतं. या मागणीनं जंगलातली मुसळी अनेक ठिकाणी विरळ झाली. पुढे शेतीही सुरू झाली, ते बरं झालं. एकदा मी त्याच मावशींना म्हटलं, मुळासकट एक रोप आणा, गॅलरीत कुंडीत लावतो. त्या नाही म्हणाल्या. पैसे देतो म्हटलं, तरी नाहीच.

आणि या बायकांची स्थिती काय? १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव झाला, पाण्यासाठी जंगल राखलं गेलं, म्हणून ते उरलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं राष्ट्रीय उद्यानातून वनोपज न्यायला बंदी घातली. २००६चा वनहक्क कायदा आदिवासींचा गौण वनोपजावरचा हक्क मानतो. या दोन कायद्यांच्या मध्ये कुठेतरी ती टोपली ठेवलेली असते. शिवाय स्टेशनबाहेर बसलं की तिथूनही उठवतात. मी समोर असताना एकदा उठवलं होतं. जुड्या ओल्या रस्त्यावर सांडल्या, त्या गोळा करायला आम्ही तिघं-चौघं वाकलो. त्या कुठून खुडून आणतात हे मी विचारत नाही. कायद्याची बाजू मला समजते. पण पान खुडणारी बाई आणि मुळांचा व्यापारी यांना एकाच पारड्यात घालणं मला पटत नाही, आणि हे मी कुठल्याही सभेत बोलायला तयार आहे.

यंदा मृगात पाऊस लांबला, म्हणून फोडशी जूनच्या अखेरीस आली. दोन जुड्या आणल्या. साफ करायला पाऊण तास लागला. आता प्रश्न घेऊ. डाळ किती वेळ भिजवायची हा प्रश्न मात्र मला विचारू नका, तो खाते माझ्याकडे नाही.