तारेचं माहेर

माझी भाची तेरा वर्षांची झाली तेव्हा लक्षात आलं, की दात मिटले की तिचे खालचे पटाशीचे दात दिसतच नाहीत. वरच्या दातांआड ते पार लपायचे आणि त्यांची टोकं थेट टाळूला टेकायची. टाळूवर चक्क ठसे उमटले होते. हसायला पोर गोड, त्यामुळे तार लावायची म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "अगं, पण दात तर सरळ आहेत की!" आजीने उपाय सांगितला: रोज आंघोळीच्या वेळी बोटाने दाबत जायचं. कर्वेनगरातल्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, रीत बरोबर आहे. फक्त बोट चोवीस तास ठेवावं लागेल."

आजीची रीत दोन हजार वर्षं जुनी निघाली. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवलंय की दुधाचा दात पडायच्या आधी मागून पक्का उगवला, तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटाने रेटत जागेवर आणावं. म्हणजे तारेच्या कुळातला पहिला माहीत असलेला पूर्वज म्हणजे बोट.

आपण मराठीत "तार लावली" म्हणतो, कुणी "क्लिप लावली" म्हणतं. दवाखान्याच्या पाटीवर ब्रेसेस असतं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या दोन बाहूंवरून आलाय. कवेत घेऊन आवळणारं ते ब्रेस. इंग्रजीत पँटच्या गॅलिसनाही ब्रेसेसच म्हणतात, आणि कामही तेच: घसरणारी वस्तू जागच्या जागी धरून ठेवायची.

बोटाची जागा धातूने घेतली ती पॅरिसमध्ये. १७२८ साली पिएर फोशार या दंतवैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली सोन्याचांदीची पट्टी वर्णन केली. तिला भोकं पाडून वाकडे दात दोऱ्याने तिच्याशी बांधायचे. घाई असली तर हाच फोशार चिमट्यासारख्या हत्याराने दात हिसडून सरळ करायचा आणि मग शेजारच्या दातांना बांधून टाकायचा. वाचतानाच माझी दाढ दुखायला लागली.

दात सरकतोच कसा, हा प्रश्न मात्र फोशारच्या पट्टीने सुटला नव्हता. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. मुळाभोवती धाग्यांची जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची गादी असते. एका बाजूने हलका दाब सतत राहिला की त्या बाजूचं हाड शरीर स्वतःच खाऊन टाकतं आणि मागे पडलेल्या जागेत नवं हाड भरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सँडस्टेट आणि ओपेनहाइम यांनी प्राण्यांच्या जबड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे पाहिलं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हा त्याचा वेग. जोर वाढवला तर गादीतलं रक्त थांबतं आणि दात उलट अडून बसतो. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी थोडंथोडं, आणि म्हणून दीड-दोन वर्षं.

आजच्या तारेचा आजोबा म्हणता येईल असा माणूस अमेरिकेतला, एडवर्ड हार्टली अँगल. १८९९ मध्ये त्याने वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले आणि ते पाडताना पुढच्या दातांकडे पाहिलंच नाही. पाहिली ती सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ. वरची दाढ खालच्या दाढेत नेमकी कुठे बसते, त्यावर सगळा हिशेब. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. तार ही हसण्यासाठी असते असं आपण धरून चालतो, पण तिचं शास्त्र उभं राहिलं ते चावण्याच्या पाट्या-वरवंट्यावर. वरवंटा पाट्याच्या बाहेर घसरत असेल तर मिक्सरइतका जोर लावूनही चटणी वाटली जाणार नाही.

पुढे १९२५ ते १९२८ या काळात अँगलने दातावर बसवायची चौकोनी खाचेची ठोकळी काढली. खाच इंचाचे बावीस सहस्रांश उंच आणि अठ्ठावीस सहस्रांश खोल. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसली की दात नुसता पुढेमागे नाही, तर मुळासकट पीळ देऊन फिरवता येतो. आजही जगभरच्या पुष्कळ ठोकळ्यांवर तोच आकडा चालतो.

अँगलची एक श्रद्धा होती, की देवाने दिलेले बत्तीसच्या बत्तीस दात सामावतील असा एकच आदर्श जबडा असतो. त्याच्या संग्रहातल्या एका कवटीचे दात इतके बिनचूक होते की त्याने तिला 'ओल्ड ग्लोरी' असं झेंड्याचं नाव दिलं होतं. दात काढणं त्याला पाप वाटायचं. दातांची कमान रुंदवा, जबडा वाढेल, हा त्याचा मंत्र.

कवट्यांचा विषय निघाला की मला कर्वेनगर आठवतं. म्हणजे त्या वेळचं हिंगणे बुद्रुक, जिथे १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम एका झोपडीत हलवला. त्यांची सून इरावती कर्वे १९२८च्या सुमाराला बर्लिनला गेल्या. प्रबंधाचा विषय होता माणसाच्या कवटीची स्वाभाविक विषमता. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांत रमलेले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष दिला की डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकाचा वंशाशी संबंध नाही. म्हणजे एकीकडे अमेरिकेत अँगल एका बिनचूक कवटीची आरती करत होता, आणि त्याच वर्षांत हिंगण्याच्या कर्व्यांची सून कवट्यांची डावी-उजवी बाजू ताडून पाहत होती. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण आरशासमोर "माझा एक सुळा जरा वर आहे" म्हणून रडणाऱ्या मुलीला मी इरावतीबाईंच्या प्रबंधाचं नुसतं नाव सांगते: स्वाभाविक विषमता.

अँगलचा मंत्र मोडला त्याच्याच शिष्याने. अॅडलेडचा रेमंड बेग १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याकडे शिकायला गेला आणि मग घरी परतला. रुंदवलेल्या कमानीतले दात पुन्हा पुढे झुकताना दिसले, तेव्हा १९२८ पासून तो उपदाढा काढून जागा करू लागला. समर्थन त्याने शोधलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जुन्या कवट्यांत. वाळूमिश्रित, चिवट अन्नाने त्यांचे दात वरून आणि बाजूंनीही झिजलेले होते. झिजेमुळे कमानीत एकूण सेंटीमीटरभर जागा मोकळी व्हायची. दात झिजत जातील हे गृहीत धरून निसर्ग जरा सैल हाताने दात देतो, असं बेगचं म्हणणं. मऊ अन्नाने झीज थांबली आणि गर्दी उरली. त्याच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाले. जबड्याची वाढच मऊ अन्नाने खुंटते, असं म्हणणारे आज अधिक आहेत.

पुरावा शोधायला ऑस्ट्रेलियालाच जायला हवं असंही नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे निघाले, आणि जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी त्यांचे दात एकेक करून मोजले. पाट्यावर भरडलेल्या धान्यात दगडाची कच असायचीच. तेव्हाच्या माणसाला तार लागली नसती, पण दात किडण्याची आणि झिजून मुळापर्यंत जाण्याची चैन मात्र होती. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्या दाढा एकदा पाहाव्यात.

बेगला चौकोनी तारेचा जोर जास्त वाटायचा. आर्थर विल्कॉक या धातुतज्ज्ञाने त्याला १९४०च्या दशकात बारीक, गोल, तरी स्प्रिंगसारखी ताठ पोलादी तार ओढून दिली. ती "ऑस्ट्रेलियन वायर" भारतात आली आणि रुजली. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३चं, भारतीय ऑर्थोडोंटिस्टांची संघटना १९६५ची, पुण्यात भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय १९८९चं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतात शिकलेल्या पुष्कळ डॉक्टरांचा हात बेगच्या पद्धतीवरच बसला. पुण्यामुंबईच्या जबड्यांतली तार अशी अमेरिकेमार्गे कमी आणि अॅडलेडमार्गे जास्त आली. तिचं माहेर मी तिकडेच धरते.

बेगच्या सुरुवातीच्या काळातल्या तारेत हसायची सोय नव्हती, कारण प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं ठोकलेलं असायचं. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत केला की प्लास्टिक त्याला चिकटतं. कडी गेली, ठोकळी थेट चिकटू लागली. दुसरी देणगी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेची: विल्यम ब्यूलर यांनी हाताळलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, नाव नितिनॉल. वाकवला तरी मूळ आकार विसरत नाही. जॉर्ज अँड्रियासन यांनी सत्तरच्या दशकात तो दातांवर आणला. डॉक्टरीणबाईंनी भाचीला पहिल्या दिवशी लावली ती तीच तार, तोंडाच्या उबेत हळूहळू सरळ होणारी.

तिच्या बाबतीत झालं ते असं. वरच्या पुढच्या दातांमागे दोन छोटे ठोकळे चिकटवले, त्यामुळे खालचे दात टाळूऐवजी त्यांच्यावर टेकू लागले आणि मागच्या दाढा उघड्या राहिल्या. पहिला आठवडा आमटी-भाताचा. चावणं सुधारण्याआधी बिघडतंच, हे कुणी सांगत नाही. मग दाढा सावकाश वर उगवून भेटल्या, खालचे दात खाली दबले. पुढे सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर. तो ती रोज हरवायची आणि मांजराच्या गळ्यात सापडायचा. चौदा महिन्यांनी टाळूवरचे ठसे गेले. ज्यांचा खालचा जबडा आडव्या चाव्यामुळे एका बाजूला सरकून मिटतो, किंवा ज्यांचे पुढचे दात भेटतच नाहीत आणि भाकरीचा तुकडा तोडायला हातच लागतो, त्यांना चावण्यातला हा फरक आणखी जाणवतो.

एका गोष्टीत मात्र तारेला फार मोठेपणा देऊ नये. कानापुढचा जबड्याचा सांधा कटकट करतो, सकाळी आखडतो, म्हणून तार लावा, असं सांगितलं जातं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये नेमका उलटा खटला गाजला: तारेमुळेच सांधा बिघडला म्हणून ज्यूरीने रुग्णाच्या बाजूने कौल दिला. व्यवसाय हादरला, वर्षानुवर्षांच्या पाहण्या झाल्या आणि निघालं ते दोन्ही बाजूंना निराश करणारं. तार सांध्याचं दुखणं आणत नाही, आणि ते टाळण्याची हमीही देत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तिच्याकडे वेगळं बघावं लागतं.

गेल्या महिन्यात तार निघाली. भाचीने ती कंपासपेटीत ठेवायला मागून घेतली. घरी येऊन आधी पेरू धुतला आणि न कापता पुढच्या दातांनी चावला. मग डबीतून पारदर्शक रिटेनर काढून आजीला दाखवला: दात परत जाऊ नयेत म्हणून वर्षभर, नंतर रोज रात्री.

"म्हणजे बोट अजून धरायचंच आहे," आजी म्हणाली आणि उरलेल्या पेरूच्या फोडी करायला घेतल्या, स्वतःच्या कवळीसाठी.