नौकेवरचे घर आणि नोंदवहीची भाषा

मराठी साहित्याच्या वर्गात समुद्राचा विषय निघाला, की तो बहुधा किनाऱ्यावरूनच पाहिला जातो. याला इतिहासाचेही कारण आहे. शिवकालीन आरमाराचे आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे कार्यक्षेत्र मुख्यतः पश्चिम किनारा हेच होते. त्यात समुद्रोल्लंघनाचा धार्मिक निषेध. सावरकरांनी सात स्वदेशी बेड्यांमध्ये ‘सिंधुबंदी’ गणली, ती उगाच नव्हे.

कौशल्य मात्र इथे होते. १९६८-६९ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या ‘सुहैली’तून गेले, ती सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. हात इथले, प्रवास दुसऱ्याचा आणि कथाही दुसऱ्याचीच.

हे चित्र पालटण्याचा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, समुद्रापासून दूर राहत होते. ‘सागरपरिक्रमे’ची कल्पना त्यांची. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे तीतून मुंबईहून एकटेच निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून ते मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

पराक्रमाइतकाच विचार अशा नौकेवरील संसाराचाही व्हायला हवा. सलग झोप नाही. वाऱ्याचा रोख आणि जहाजांची वर्दळ पाहण्यासाठी पुनःपुन्हा उठायचे. गोडे पाणी जपून वापरायचे, फाटलेले शीड स्वतः शिवायचे, स्वयंपाक कलत्या चुलीवर करायचा. सुतार, आचारी, शिंपी, तांडेल सारे एकच. या दिनक्रमाला शिस्त लावते ती नोंदवही. तिथे विशेषणांना वाव नसतो. वारा, दिशा, स्थान, बिघाड आणि दुरुस्ती एवढेच येते. आपल्या प्रवासवर्णनाला लागलेल्या अलंकरणाच्या सवयीवर याहून चांगला उतारा कोणता?

दोंदे यांनी आपला अनुभव ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकात लिहिला, तो इंग्रजीत. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण नांगर, सुकाणू, डोलकाठी, परबाण, मतलई वारा असे शब्द ज्या भाषेत कोळ्यांनी आणि खलाशांनी घडवले, त्या भाषेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. बोलीतली ही संपदा आपण साहित्यविचाराच्या कक्षेत कितीशी आणली? जे अनुभव आपण नोंदवत नाही, ते कालांतराने आपले उरत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या विद्यार्थ्याला हे सारे परके वाटेल. तसे वाटण्याचे कारण नाही. पृथ्वी फिरून आलेल्या त्या नौकेचे नावही एका नदीचेच आहे. मांडवीला वरच्या भागात म्हादेई म्हणतात. दिघोरीच्या परिसराचे पाणी वैनगंगेला मिळते, आणि पुढे प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. या मुलखातील ढीवर समाजाकडे तलावाचे, डोंग्याचे, जाळ्याचे स्वतःचे शब्द आहेत. पाण्याच्या मराठीची नोंदवही उघडायची असेल, तर पहिले पान इथेही लिहिता येईल.