बेरियम टायटनेटच्या कणांचें सीमामान : एक साधनचिकित्सा

कोणत्याही लेखाचें प्रामाण्य ठरवितांना मजकुराइतकाच कागद, शाई व लेखनिक यांचाहि विचार करावा लागतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत या नियमाचें एक चांगलें उदाहरण आढळतें. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा कण किती लहान झाला म्हणजे त्याचा विशिष्ट गुण नष्ट होतो, या प्रश्नास निरनिराळ्या संशोधकांनीं दिलेले आंकडे परस्परांशीं जुळत नाहींत. ही विसंगति कशी लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘फेरो’ म्हणजे लोह. परंतु या पदार्थांत लोह असावेंच लागतें असें नाहीं. येथें योगार्थ सोडून रूढार्थ घ्यावा. लोहचुंबकाचें चुंबकत्व बाह्य प्रेरणा काढून घेतल्यावरहि टिकतें, तसें या पदार्थांचें विद्युत्-ध्रुवत्व टिकतें, व उलट दिशेनें विद्युत्-प्रेरणा दिल्यास तें उलटतें. हा गुण जोसेफ वालासेक यांनीं १९२० सालीं रोशेल क्षारांत दाखविला. हा क्षार सतराव्या शतकांत फ्रान्सांतील ला रोशेल येथील सेन्येत नांवाच्या औषधविक्रेत्यांनीं प्रचारांत आणिला होता. जुन्या जर्मन ग्रंथांत या सबंध वर्गास त्यांचेंच नांव दिलेलें आढळतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बेरियम टायटनेटची असाधारण विद्युत्-धारकता अमेरिका, रशिया व जपान येथें स्वतंत्रपणें उघडकीस आली. सुमारें १२० अंश सेंटिग्रेडच्या वर त्याच्या स्फटिकाचा घटक-कोश घनाकार असतो. खालीं आल्यावर तो एका दिशेनें सुमारें शेंकडा १ लांबतो, टायटॅनियमचा अणु मध्यापासून किंचित् सरकतो, व ध्रुवत्व उत्पन्न होतें.

आतां साक्षी पाहूं. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग.) झुरिच येथें केंत्सिग व त्यांचे सहकारी यांनीं १९५३ सालीं पोटॅशियम फॉस्फेटच्या वर्गांतील एका क्षाराचे १५० नॅनोमीटरहून लहान कण गुणहीन झाल्याचें नोंदविलें. १९५४ सालीं मात्र बेरियम टायटनेटच्या कणांवर सुमारें १० नॅनोमीटर जाडीचें एक कवच असून त्याची विकृति १२० अंशांच्या वरहि टिकते, असें त्यांना आढळलें. १९८९ सालीं जपानांत उचिनो प्रभृतींनीं बेरियम टायटनेटचें सीमामान १२० नॅनोमीटर ठरविलें. उलटपक्षीं, २००४ सालीं लेड टायटनेटचा तीन घटक-कोशांचा, म्हणजे १.२ नॅनोमीटर जाडीचा, थरहि फेरोइलेक्ट्रिक असल्याचें सिद्ध झालें. ही शेवटची साक्ष भिन्न पदार्थाची व भिन्न आकाराची आहे, हें विसरतां कामा नये.

यांपैकीं कोणी खोटें बोलत नाहीं. प्रत्येकाचा कण निराळ्या रीतीनें घडलेला आहे. पाण्यांत उच्च दाबाखालीं केलेल्या भुकटींत हायड्रॉक्सिल अडकून राहतात, व तींतील कण घनाकार भासतात; कोरड्या भट्टींतील कणांची गोष्ट निराळी. शिवाय एक्स-किरण अनेक कोशांची सरासरी सांगतात, तर रामन-पद्धति स्थानिक विकृति दाखविते. एकास घनाकार दिसणारा कण दुसऱ्यास तसा दिसत नाहीं.

खरें मर्म पृष्ठभागांत आहे. पृष्ठभागावर उघडा पडलेला विद्युत्-भार आंतील ध्रुवत्वास विरोध करणारें क्षेत्र उत्पन्न करितो. वर सांगितलेल्या अतिसूक्ष्म थरांत उलटसुलट ध्रुवत्वाचे पट्टे पडून हा विरोध निवळला होता. कवच १० नॅनोमीटरचें धरल्यास १००० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांत तें शेंकडा सुमारें ६ भाग व्यापतें. १०० नॅनोमीटरच्या कणांत शेंकडा ४९! अर्थात् लहान कणाची परीक्षा म्हणजे बव्हंशीं त्याच्या कवचाचीच परीक्षा होय.

हा वाद केवळ शाब्दिक नाहीं. आजच्या खिशांतील टेलिफोनांत या द्रव्याचे शेंकडों धारक असतात, व त्यांतील थर एक सहस्रांश मिलिमीटरहूनहि पातळ झाले आहेत. थर पातळ करावयाचा तर कण त्याहून बारीक हवेत. आणि केवळ एका आंकड्यावर विसंबून कारखानदारानें भुकटी निवडिली, तर तो फसेल.

आमच्या मतें, ‘बेरियम टायटनेटचें सीमामान’ असा एकच आंकडा कोष्टकांत लिहिणें सदोष आहे. कण कसा केला, त्याचें पृष्ठ कसें होतें, व कोणत्या पद्धतीनें तो पाहिला, हे तीन तपशील आंकड्याबरोबर नोंदविले पाहिजेत. पोथीचें स्थळ, काळ व लेखनिक नोंदविल्यावांचून तींतील पाठ आपण स्वीकारीत नाहीं. तोच न्याय येथेंहि लागू आहे.