मोरीच्या पाण्यावरचे वाफे

इतिहास म्हटला, की लढाया आठवतात. मला मात्र लातूरच्या घरामागचे आईचे चार वाफे आठवतात. तुळस, ओवा, गवती चहा आणि आजीने औशाहून आणून लावलेला आडुळसा. निजामी राजवट संपली त्या १९४८ सालचा. खत शेणाचे, पाणी मोरीचे. खोकला झाला, की आडुळशाचा काढा. कडूजहर, पण सुटका नसे!

२०१६ साली मांजरा धरण आटले. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरात आली. घरात विसळणीचे पाणीसुद्धा पुन्हा वापरात जाई. वाफ्यांना काय उरणार? गवती चहा वाळला. आडुळशाच्या नुसत्या काटक्या राहिल्या. पावसाळ्यात त्याच फुटल्या, तेव्हा पहिली पाने आईने शेजारच्या खोकणाऱ्या पोरासाठी खुडली.