धुलाई कामगाराचा ताप

रुग्णालयात साथ कशी रोखायची, हा विषय निघाला की चर्चा मास्क, सॅनिटायझर आणि आयसोलेशन वॉर्डापाशी थांबते. रुग्णालयात राबणाऱ्यांपैकी कोणाच्या तापाची दखल घेतली जाते, हे कोणी विचारत नाही. २००३ ची सार्सची साथ मात्र हाच प्रश्न विचारते.

सार्स हा श्वसनाचा आजार. जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांपैकी साधारण २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. याचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. ताप आल्यावर पहिले काही दिवस रुग्णाकडून संसर्ग कमी होतो. दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे माणूस पार खचून खाटेवर पडलेला असतो तेव्हा, तो सर्वाधिक होतो. म्हणून सार्स बाजारापेक्षा वॉर्डात जास्त पसरला. पण याचाच दुसरा अर्थ असा की, पहिल्याच तापाला माणूस वेगळा ठेवला तर साथ तिथेच अडते.

तैवानमधल्या तैपेई शहरातल्या होपिंग रुग्णालयात हे झालं नाही. तिथल्या धुलाई विभागातल्या ४२ वर्षांच्या कामगाराला १२ एप्रिलला ताप आला. त्याला मधुमेह होता. तो काम करत राहिला. त्याची झोपायची जागा रुग्णालयाच्या तळघरात होती, आणि कामाच्या निमित्ताने रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी या सगळ्यांशी त्याचा संबंध येई. १६ तारखेला आतड्याचा संसर्ग असं निदान होऊन तो दाखल झाला आणि सार्सचा संशय आला १८ ला! तोवर सुमारे १०,००० रुग्ण व भेटायला येणारे आणि ९३० कर्मचारी संपर्कात आले असावेत, असा अंदाज होता. २४ एप्रिलला सरकारने सगळ्यांना आत ठेवून रुग्णालयच बंद केलं.

ज्या इमारतीत शेकडो डॉक्टर-नर्स होते, तिथे चादरी धुणाऱ्या माणसाचा ताप सहा दिवस ओळखला गेला नाही. चूक एका डॉक्टरची म्हणून सोडून देता येईल. मला ती रचनेची वाटते. ज्यांना रुग्णांपासून धोका आहे असं मानलं जातं, त्यांच्या यादीत धुणारा-पुसणारा येतच नाही.

कॅनडाचा अनुभव याला जोडून वाचावा. ७ मार्च २००३ रोजी, एकाच दिवशी, व्हँकुव्हर आणि टोरांटोच्या रुग्णालयांत सार्सचा एकेक रुग्ण आला. व्हँकुव्हरमध्ये त्याला लगेच वेगळं ठेवलं आणि साथ पसरली नाही. टोरांटोत रुग्ण गर्दीच्या इमर्जन्सी विभागात तासन्‌तास राहिला. तिथे ४४ जण गेले. मे महिन्यात तिथल्या नर्स नवे रुग्ण संशयास्पद आहेत असं सांगत होत्या, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने पुढे बजावलं की, कामगारांच्या संरक्षणासाठी वैज्ञानिक खात्रीची वाट बघत बसू नये.

आता आपल्याकडे या. वॉर्डातली घाण, रक्ताळलेल्या चादरी, थुंकीची भांडी कोणाच्या वाट्याला येतात हे तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला. रुग्णालय हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. हे काम आज कंत्राटावर आहे. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. अशा माणसाला दारावरचा थर्मामीटर काय थांबवणार? ताप लपवून तो आत येणारच. म्हणून पहिल्या तापाची पगारी रजा ही दया नाही, एन-९५ इतकंच ते संसर्ग रोखण्याचं साधन आहे.

आणि ही मागणी नवी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात मजुरीचा मोठा भाग मिळण्याची सोय त्यातून आली. पण कंत्राटदाराने नावच नोंदवलं नसेल तर ती कागदावरच राहते.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात सफाई कामगार आणि वॉर्डबॉयही होते. तो विमा मृत्यूनंतर मिळणार होता. तापाच्या दिवसाची मजुरी त्यात नव्हती.