८७० एएम, न्यू ऑर्लिन्स : ५६ तास

रविवार, २४ जुलै २००५

न्यू ऑर्लिन्सच्या ‘टाइम्स-पिकायून’ दैनिकात एक बातमी छापून आली. मोठे चक्रीवादळ आले तर ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना शहराबाहेर नेण्याची सोय प्रशासनाकडे नाही. शेजारी, नातलग, चर्चमधले ओळखीचे, ज्याच्या गाडीत जागा मिळेल त्याच्याबरोबर निघा, असे गरीब वस्त्यांना सांगणारी डीव्हीडी तयार होत होती. वाटप अजून व्हायचे होते. २००० च्या जनगणनेनुसार शहरातल्या दर १०० घरांपैकी २७ घरांत गाडी नव्हती.

वादळाला ३६ दिवस बाकी होते.

दोनच दिवसांनी, २६ जुलैला, मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आपल्याकडच्या खासगी एफएम स्टेशनांना बातम्या देण्याची परवानगीच नव्हती. न्यू ऑर्लिन्सला ती अडचण नव्हती. तिथल्या रेडिओला हवे ते, हवे तेव्हा, हव्या त्या शब्दांत सांगता येत होते. पुढचा सगळा घटनाक्रम वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

शुक्रवार, २६ ऑगस्ट, दुपारी ४

कतरिना चक्रीवादळ आदल्या रात्री फ्लोरिडा ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरले होते. सकाळपर्यंतच्या अंदाजात ते पुन्हा फ्लोरिडाच्याच उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जाणार होते. दुपारी ४ च्या पत्रकात राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने मार्ग पश्चिमेला सरकवला, मिसिसिपीकडे. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी त्याच दिवशी राज्यात आणीबाणी जाहीर केली.

संध्याकाळी सुपरडोम स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स. मोसमाआधीचा, सरावाचा सामना.

रात्री १०. उरले ५६ तास

नव्या पत्रकात मार्ग आणखी पश्चिमेला आला होता. वादळ कुठे धडकणार हे त्यात जवळपास अचूक होते आणि पुढच्या पत्रकांतही ते फारसे बदलले नाही. यापुढे शास्त्रज्ञांकडून चूक झाली नाही. मात्र शुक्रवारी रात्री १० ला हवामानाचे पत्रक ऐकत बसणारे थोडेच. बरेचसे शहर शनिवारी सकाळी उठले तेव्हा त्याला हे कळले.

शनिवार, २७ ऑगस्ट, पहाटे ४

वादळ तिसऱ्या श्रेणीचे झाले. वाऱ्याचा वेग ताशी १८५ किलोमीटर.

सकाळी १०

न्यू ऑर्लिन्ससह आग्नेय लुइझियानाला पहिला इशारा.

शहर परिसरात त्या दिवशी ४१ रेडिओ स्टेशने चालू होती. त्यांत सगळ्यांत दमदार डब्ल्यूडब्ल्यूएल, ८७० एएम, ५० हजार वॉट. १९२२ मध्ये जेझुइटांच्या लोयोला विद्यापीठात सुरू झालेले हे स्टेशन रात्री अर्ध्याअधिक अमेरिकेत ऐकू येते. वादळ म्हटले की शहर डब्ल्यूडब्ल्यूएल लावते, ही तिथली पिढ्यांची सवय. त्याचा मनोरा नदीपलीकडे, पश्चिम काठावर. स्टुडिओ मात्र तेव्हा शहराच्या मध्यभागी, सुपरडोमच्या शेजारच्या उंच इमारतीत. काचांच्या इमारतीत.

दुपारी ४

महामार्गांच्या येणाऱ्या मार्गिकाही बाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या गेल्या. ही योजना कागदावर उत्तम होती आणि प्रत्यक्षातही चालली. दोन दिवसांत परिसरातून दहा लाखांवर माणसे बाहेर पडली. त्या सगळ्यांकडे गाडी होती, किंवा कुणाच्या तरी गाडीत जागा होती.

संध्याकाळी ५

महापौर रे नेगिन यांनी पत्रकार परिषद घेतली. शहरात आणीबाणी जाहीर केली, लोकांनी निघून जावे असे सांगितले. स्थलांतर सक्तीचे केले नाही. हॉटेले आणि धंदे बंद करायला लावले तर नुकसानभरपाईचे दावे शहरावर येतील का, हे शहराचे वकील तपासत होते.

रेडिओने ही पत्रकार परिषद ऐकवली. निवेदक कितीही काकुळतीला येऊन बोलला तरी सक्तीचा हुकूम तो काढू शकत नाही. त्याला महापौर जेवढे सांगतील तेवढेच अधिकृतपणे सांगता येते. राज्याच्या आराखड्यात न्यू ऑर्लिन्स महानगराच्या स्थलांतराचा टप्पा वादळी वारे पोचण्याच्या ३० तास आधी सुरू होत होता. ते वारे रविवारी संध्याकाळी पोचणार होते.

रात्री ८ च्या सुमारास

चक्रीवादळ केंद्राचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनी आधी गव्हर्नरांना आणि मग महापौरांना घरी फोन केला. असे फोन करण्याची त्यांची पद्धत नव्हती. पत्रकात सगळे लिहिलेले असते. तरीही त्यांनी केले.

रात्री ८.३०

अ‍ॅमट्रॅकची एक गाडी न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपीतल्या मॅकोमकडे निघाली. डबे आणि इंजिने सुरक्षित जागी हलवायची म्हणून. तिच्यात शेकडो लोकांची सोय होईल असे शहराला कळवले होते, असे अ‍ॅमट्रॅकचे म्हणणे. आपल्याला कुणी विचारलेच नाही, असे महापौरांचे. गाडी प्रवाशांविना गेली, याबद्दल वाद नाही.

रात्री १०. उरले ३२ तास

इशाऱ्याची पातळी वाढली. चक्रीवादळ येणार हे आता निश्चित.

रविवार, २८ ऑगस्ट, रात्री १२.४०

चौथी श्रेणी. ताशी २३० किलोमीटर.

सकाळी ६.१५. उरले २४ तास

पाचवी श्रेणी. याच्यावर श्रेणी नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास

महापौरांनी गव्हर्नरांना शेजारी उभे करून सक्तीच्या स्थलांतराचा हुकूम काढला. न्यू ऑर्लिन्सच्या इतिहासातला असा हा पहिला हुकूम. वाहनाची सोय नसलेल्यांनी सुपरडोमकडे यावे, बरोबर काही दिवसांचे खाणेपिणे आणावे. हुकूम आणि वादळ यांत २१ तासही उरले नव्हते.

सकाळी १०.११

स्लायडेल इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयातून एक सूचना निघाली. ती रॉबर्ट रिक्स या हवामानतज्ज्ञाने पाठवली. मजकुराचा साचा आधीच तयार होता, १९९० च्या दशकात कधीतरी लिहून ठेवलेला. वेळ आली की त्यातली लागू नसलेली वाक्ये गाळायची. रिक्स मूळचे न्यू ऑर्लिन्सचेच. ते एकेक ओळ वाचत गेले. बहुतेक भाग कित्येक आठवडे, कदाचित त्याहून जास्त काळ राहण्याजोगा उरणार नाही. चांगल्या बांधणीच्या निम्म्या घरांची छपरे आणि भिंती पडतील. पाण्याच्या टंचाईने आजच्या काळात अविश्वसनीय वाटतील असे माणसांचे हाल होतील. गाळण्याजोगी ओळ त्यांना सापडली नाही.

सरकारी पत्रकाची ही भाषा नव्हे. एका राष्ट्रीय दूरचित्रवाणी वाहिनीला तर सुरुवातीला ती कुणीतरी केलेली थट्टा वाटली. गावातल्या रेडिओला तसे वाटायचे कारण नव्हते, कारण स्लायडेलचा आवाज तिथे रोजचा होता. त्याच सकाळच्या १० च्या पत्रकात वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटर होता.

दुपारी १२

सुपरडोम सर्वांसाठी उघडला. आजारी आणि अपंगांना सकाळी ८ पासूनच आत घेत होते. तपासणीसाठी दारांवर रांगा लागल्या, नंतर पाऊस सुरू झाला. रात्रीपर्यंत आत सुमारे १० हजार माणसे होती.

संध्याकाळी ५

महामार्गांवरची एकदिशा वाहतूक थांबवली. वारा आता पुलांवरून गाड्या जाऊ देण्याजोगा राहिला नव्हता. साडेचार लाखांवर वस्तीच्या शहरात सुमारे एक लाख माणसे मागे राहिली. त्यांतल्या काहींना जायचे नव्हते. बऱ्याच जणांकडे साधन नव्हते. महिनाअखेर असल्याने हातात पैसेही नव्हते.

रात्री

डब्ल्यूडब्ल्यूएलवर गार्लंड रॉबिनेट बोलत होते. व्हिएतनाम युद्धात लढलेले, एकेकाळी याच शहरातल्या दूरचित्रवाणीचे सर्वांत ओळखीचे वृत्तनिवेदक. बरीच वर्षे माध्यमांबाहेर काढून काही आठवड्यांपूर्वीच ते रेडिओवर आले होते, तेही आजारी सहकाऱ्याच्या जागी, बदली म्हणून.

दिवसभर रेडिओने निघा म्हणून सांगितले होते. रात्री सल्ला बदलला. आता बाहेर पडू नका.

सोमवार, २९ ऑगस्ट, पहाटे ५ च्या सुमारास

सुपरडोमची वीज गेली. शहराच्या बहुतेक भागांत दिवे गेले आणि त्यांच्याबरोबर दूरचित्रवाणीही. उरला बॅटरीवरचा रेडिओ.

सकाळी ६.१०

कतरिना नदीमुखाजवळच्या ब्युरास इथे धडकले. त्या वेळच्या पत्रकात ते चौथ्या श्रेणीचे होते. नंतरच्या तपासात तिसऱ्या श्रेणीचे ठरले, वेग ताशी सुमारे २०५ किलोमीटर. शहर मध्यबिंदूच्या पश्चिमेला, म्हणजे कमी माराच्या बाजूला राहिले. शहराची हानी वाऱ्याने होणार नव्हती.

सकाळी ७.४५ च्या सुमारास

इंडस्ट्रियल कॅनॉलची पूर्वेकडची भिंत एव्हाना दोन ठिकाणी फुटली होती. दक्षिणेकडचे भगदाड सुमारे ८५० फुटांचे. त्यातून पाण्याबरोबर एक मालवाहू तराफा लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या घरांवर आला. १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळातही हीच वस्ती बुडाली होती. तेव्हापासून तिथले जुनेजाणते माळ्यावर कुऱ्हाड ठेवत, पाणी वर चढले तर छप्पर फोडता यावे म्हणून.

सकाळी ८.१४

स्लायडेलहून सूचना: इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत टेनेसी स्ट्रीटजवळ फुटली आहे, ३ ते ८ फूट पाणी येईल. दक्षिणेकडचे भगदाड पडून जेमतेम अर्धा तास झाला होता. अशा सकाळी याहून वेगवान इशारा क्वचितच निघत असेल. ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्या दारात पाणी आधीच पोचले होते.

सकाळी

डब्ल्यूडब्ल्यूएलच्या स्टुडिओच्या काचा फुटल्या. रॉबिनेट प्रक्षेपण चालू असतानाच उठले, मायक्रोफोन एका अडगळीच्या खोलीत नेला आणि तिथून बोलू लागले. ८७० बंद पडले नाही.

सुमारे ९ वाजता शेजारच्या सुपरडोमच्या छताचे आवरण उडाले आणि आत पाणी गळू लागले.

सकाळी ९.४५ पर्यंत

सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनॉलची भिंत सुमारे ४५० फूट लांबीत कोसळली. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलेही नव्हते. आराखड्यातच चूक होती, हे पुढच्या वर्षी सैन्याच्या अभियंत्यांनी आपल्या अहवालात मान्य केले. लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉल त्याआधीच दोन जागी फुटला होता. पाँचरट्रेन सरोवर आता शहरात उतरत होते आणि सरोवराची व शहरातल्या पाण्याची पातळी एक होईपर्यंत ते थांबणार नव्हते.

दुपार

वारा पडला. देशभरच्या बातम्यांत न्यू ऑर्लिन्स थोडक्यात बचावल्याचे सांगितले जाऊ लागले. बातमीदार होते ते बहुतेक फ्रेंच क्वार्टरमध्ये, शहराच्या उंच भागात, आणि तिथे रस्ते कोरडे होते.

फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे मार्टी बहामाँडे यांच्या कानावर सेव्हन्टीन्थ स्ट्रीटची बातमी सकाळी ११ लाच आली होती. संध्याकाळी ५ वाजता हेलिकॉप्टरमधून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले.

रेडिओला मात्र हे फोनवरून कळत होते. मदतीचा ९११ लागत नव्हता, म्हणून लोक स्टेशनला फोन करत होते. पाणी कमरेपर्यंत आले आहे. आम्ही माळ्यावर आहोत. पत्ता हा. निवेदकांकडे नौका नव्हत्या. ते पत्ता प्रक्षेपणात वाचून दाखवत, आणि जवळपास कुणाकडे होडी असेल तर तो ऐकत असेल, एवढ्याच भरवशावर पुढचा फोन घेत.

मंगळवार, ३० ऑगस्ट

शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली. स्टुडिओ सोडावा लागला. डब्ल्यूडब्ल्यूएलने जेफरसन परगण्याच्या आपत्कालीन कक्षातून बोलणे चालू ठेवले. त्याच आठवड्यात मालक एंटरकॉम आणि प्रतिस्पर्धी क्लिअर चॅनल यांनी बॅटन रूजमधून एकच संयुक्त प्रक्षेपण सुरू केले. गुरुवारी रात्री महापौर नेगिन यांनी वॉशिंग्टनवर जाहीर कोरडे ओढले, तेही रॉबिनेट यांच्याच मायक्रोफोनवर. ती मुलाखत जगभर गाजली. वादळाआधीच्या शनिवारी संध्याकाळी ५ च्या पत्रकार परिषदेत महापौरांचा स्वर तसा नव्हता, हेही नोंदवायला हवे.

लुइझियानातल्या मृतांचा पुढे अभ्यास झाला. ४० टक्के बुडून गेले. जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते.

जून २००६ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने नेमलेल्या समितीने अहवाल दिला. वादळानंतर शहर परिसरातल्या ४१ रेडिओ स्टेशनांपैकी ४ चालू राहिली होती. अमेरिकेत आणीबाणीच्या सूचनेची एक यंत्रणा आहे. अधिकाऱ्याने ती सुरू केली की स्टेशनांना चालू कार्यक्रम थांबवून एकच सूचना ऐकवता येते. हवामान सेवेने वादळाआधी ती वापरली. कुणी, कुठून, कसे बाहेर पडायचे हे सांगण्यासाठी राज्य आणि स्थानिक प्रशासनाने ती वापरली नाही.